गेम अडकायलंय कशाला? शेड्युलर बदलून बघणाऱ्या नवख्यांसाठी

"दादा, एफपीएस तर साठच दाखवायलंय की. मग गेम अडकायलंय कशाला ओ?"

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत, खाली माग आणि वर राहायची जागा अशा घरात माझ्या मावसभावाने हे विचारलं, तेव्हा मे महिन्यातली दुपार होती. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच मशिनवर गेम खेळतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच. मागे कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावलेला आणि पुढे काउंटर-स्ट्राइक 2. कोपऱ्यातला आकडा 60, 59, 60. तरीही कोपऱ्यावरून वळताना मधूनच चित्र अडखळायचं, उंबऱ्याला पाय अडकावा तसं.

लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसर कधी कुणाला द्यायचा ते ठरवणारा भाग, बदलला की गेम लोण्यासारखा चालतो, हे त्याने कुठंतरी ऐकलं होतं. एका रात्रीत त्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर बदलला, कुणीतरी सांगितलेल्या चार सेटिंग टाकल्या. सकाळी गेम आधीपेक्षा बरा होता की वाईट, हेच त्याला सांगता येईना. त्या दुपारी आम्ही सगळं मूळ जागी आणलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच क्रमाने इथे लिहितोय. आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलात, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

आधी हिशेब

60 एफपीएस म्हणजे एका सेकंदात 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, आणि एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद. आता समजा 59 फ्रेम प्रत्येकी 16 मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम 56 मिलिसेकंद घेऊन आली. 59 गुणिले 16 म्हणजे 944, त्यात 56 मिळवा, बरोबर 1000. कोपऱ्यातला आकडा 60 म्हणणार आणि तो खोटंही बोलत नाही. पण डोळ्याला ती एक फ्रेम खटकते, कारण तिच्या आधीची आणि नंतरची झटपट आलेली असते. म्हणून एफपीएसची सरासरी या कामात फारशी उपयोगाची नाही. बघायचा असतो तो फ्रेमटाइम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ. आलेखात तो सपाट रेघेसारखा दिसायला हवा. मध्येच काटे उभे राहिले तर तिथे अडखळलंय. 144 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 6.9 मिलिसेकंद येतात, तिथे छोटा काटाही टोचतो.

शेड्युलर कोण, ते खाली जाऊन बघू

सोलापुरात हे समजावायला फार लांब जावं लागत नाही, जिना उतरला की पुरे. एक कामगार दोन-चार माग बघत असतो. एकाची कांडी संपली, तो थांबला. दुसऱ्याचा धागा तुटला, तोही थांबला. कामगार एकच. आधी कुणाकडे जायचं? जो आधी थांबला त्याच्याकडे, की ज्याचं काम दोन सेकंदांत उरकेल त्याच्याकडे? की ज्याचा ताणाच खराब आहे, सारखा तुटतोय, त्याच्याकडेच दिवसभर उभं राहायचं? जुना कामगार हा निर्णय उभ्या-उभ्याच घेतो. प्रोसेसरमध्ये हा निर्णय घेणारा तो शेड्युलर. कामगार म्हणजे कोअर, प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग. माग म्हणजे थ्रेड, प्रोग्रामच्या कामाची एक लड.

उपमा फार ताणू नका. माग कामगाराशिवायही चालतो, थ्रेडला धावायलाच कोअर लागतो. पण मुद्दा तोच आहे. गेमचा मुख्य थ्रेड दर फ्रेमला जागा होतो, काही मिलिसेकंद काम करतो, ग्राफिक्स कार्डाकडे काम सोपवतो आणि झोपतो. व्हिडिओ एक्सपोर्टचे थ्रेड झोपतच नाहीत, त्यांना जितका प्रोसेसर द्याल तितका ते खातात. गेम जागा झाला आणि त्याच क्षणी सगळ्या कोअरवर हळद चालू असेल, तर त्याला थांबावं लागतं. ते थांबणं म्हणजे आलेखातला काटा.

यातून एक गोष्ट ओघाने येते. मागे काहीच चालू नसेल आणि कोअर रिकामे पडलेले असतील, तर शेड्युलर बदलून फारसं काही हाती लागत नाही. चारच माग आणि चार कामगार असतील तर रांग लावायची कुणासाठी? गल्लीतल्या निम्म्या पोरांचा प्रश्न इथेच सुटतो.

पहिली पायरी: दोष शेड्युलरचा नाही ना?

सोलापुरात पहिला संशय उन्हाचा घ्यायचा. पारा 43-44 ला गेलेला, खोलीवर पत्रा, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं. प्रोसेसर नव्वद अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तेव्हा कोणताही शेड्युलर लावा, गेम अडखळणारच. त्यात आमच्याकडे खालून मागांची रुई वर येते. भावाच्या कॅबिनेटची जाळी काढली तेव्हा टॉवेलचा तुकडाच चिकटलाय असं वाटलं. ब्लोअरने साफ केलं, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. त्या दिवसातली सगळ्यात मोठी सुधारणा तीच होती, हे आत्ताच सांगून टाकतो.

मग ग्राफिक्स कार्ड. ते 98-99 टक्क्यांवर चिकटून असेल तर अडचण तिथे आहे. सेटिंग एक पायरी खाली आणा किंवा एफपीएसला मर्यादा घाला. प्रोसेसर त्यात निर्दोष.

नवा गेम, नवा नकाशा, आणि पहिल्यांदाच एखादा स्फोट दिसला की अडखळतं, दुसऱ्यांदा नाही? ते शेडर, म्हणजे दृश्य कसं रंगवायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचं अडखळणं. स्टीम हे गेम विकणारं-चालवणारं ॲप गेम सुरू करण्याआधी शेडर तयार करायला घेतं, ते काम कंटाळून मध्येच तोडू नका. चहा घेऊन या.

रॅम भरून डिस्कवर स्वॅप होत असेल तर तोही वेगळा आजार.

राहिला गव्हर्नर. नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. कोअर कुणाला द्यायचा ते शेड्युलर ठरवतो, तो कोअर किती वेगाने पळवायचा ते गव्हर्नर ठरवतो. लॅपटॉपवर पॉवर प्रोफाइल 'पॉवर सेव्हर'ला राहिलं असेल तर आधी ते 'परफॉर्मन्स'ला आणा. डिस्कसाठीचे बीएफक्यू, एमक्यू-डेडलाइन वगैरे शेड्युलर हा तर तिसराच विषय, नाव सारखं म्हणून त्यात हात घालू नका.

आता खरी परीक्षा. कर्नलमध्ये 2018 च्या शेवटापासून, म्हणजे 4.20 पासून, एक सोय आहे. 'प्रॉक' फोल्डरात 'प्रेशर', आणि त्यात 'सीपीयू' नावाची फाइल. गेम चालू असताना ती 'कॅट'ने उघडा. 'सम' या ओळीत 'एव्हीजी10' असा आकडा दिसेल. गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ कोणता ना कोणता थ्रेड प्रोसेसरची वाट बघत उभा होता, ते तो सांगतो. आकडा शून्याच्या जवळपास असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि खेळायला जा. एक्सपोर्ट चालू केल्यावर तो उसळी मारत असेल तर पुढे वाचा. भावाच्या मशिनवर तो उसळला, म्हणून आम्ही पुढे गेलो.

दुसरी पायरी: आत्ता आपल्याकडे काय आहे?

टर्मिनलात 'युनेम', एक जागा सोडून डॅश आणि 'आर'. कर्नलचा आकडा येतो. 6.6 पेक्षा जुना असेल तर तुमच्याकडे सीएफएस हा जुना शेड्युलर आहे, 6.6 किंवा पुढचा असेल तर ईईव्हीडीएफ हा नवा. लिनक्सच्या वितरणांपैकी, म्हणजे तयार संचांपैकी, उबंटू 22.04 सुरुवातीला 5.15 घेऊन आलं, 24.04 आलं 6.8 घेऊन. डेबियन 12 मध्ये 6.1 आहे, 13 मध्ये 6.12. नंतरच्या अपडेटने आकडा पुढे गेलेला असू शकतो, म्हणून अंदाज करू नका, टाइप करून बघा.

थोडा इतिहास, कारण ही नावं सारखी कानावर पडतात. सीएफएस इंगो मोलनार यांनी लिहिला आणि तो 2007 मध्ये 2.6.23 या कर्नलमध्ये आला. ज्याने आतापर्यंत सर्वांत कमी वेळ घेतला त्याला पुढची पाळी, असा त्याचा साधा न्याय. त्याच काळात कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ, पेशाने डॉक्टर, डेस्कटॉपवर काम करणाऱ्या साध्या माणसासाठी स्वतःचे शेड्युलर लिहीत होते. 2009 मध्ये त्यांचा बीएफएस आला, पुढे त्याचा मकस झाला. मुख्य कर्नलमध्ये यातलं काही गेलं नाही, पण 'सरासरी चांगली असून काय उपयोग, माउस हलवल्यावर लगेच हलला पाहिजे' हा हट्ट त्यांनी धरून ठेवला. आज गेमवाले जे मागतात ते हेच.

ईईव्हीडीएफ ऑक्टोबर 2023 मध्ये 6.6 बरोबर आला. कर्नलमध्ये तो पीटर झाइल्स्ट्रा यांनी आणला, मूळ कल्पना मात्र 1995 च्या एका संशोधन निबंधातली आहे. त्याचा न्याय दोन टप्प्यांचा. आधी बघायचं की आपल्या वाट्यापेक्षा जास्त कुणी खाल्लंय, तो या फेरीत बाजूला. उरलेल्यांत ज्याची मुदत सर्वांत आधी संपते त्याला पुढे घ्यायचं. छोटं काम मागणाऱ्याची मुदत लवकर येते, म्हणून तो लवकर सुटतो. गेमच्या थ्रेडला हे सीएफएसपेक्षा मानवतं. तुमच्याकडे जुना कर्नल असेल तर बाकीच्या खटपटी सोडा, आधी वितरण नवं करा. फुकटात मिळणारा फायदा तोच.

तिसरी पायरी: मोजायची सोय

मँगोहड हे गेमवर आकडे आणि आलेख दाखवणारं साधन बसवा, बहुतेक वितरणांच्या भांडारात असतं. स्टीममध्ये गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लाँच ऑप्शन्स, आणि तिथे 'मँगोहड' लिहून पुढे टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये 'कमांड'. गेम उघडला की वर फ्रेमटाइमचा आलेख दिसतो. सेटिंगमध्ये फोल्डर ठरवून दिलं की डावी शिफ्ट आणि एफ2 दाबून नोंद सुरू होते, पुन्हा दाबून बंद. प्रत्येक फ्रेमचा वेळ फाइलमध्ये उतरतो. सेटिंगच्या फाइलची भीती वाटत असेल तर गोओव्हरले नावाचं खिडक्यांचं साधन आहे, त्यात खुणा करा.

आता चाचणी ठरवायची, आणि इथे घाई नको. ऑनलाइन सामना चाचणीला घेऊ नका. दर वेळी वेगळे लोक, वेगळा गोंधळ, त्यात नेटचं अडखळणंही मिसळतं. ज्यात बेंचमार्क आतच दिलेला आहे असा गेम घ्या. सायबरपंक 2077 मध्ये तो आहे. नाहीतर एकट्याने खेळायच्या गेममधला एकच रस्ता ठरवा आणि दर वेळी तोच चाला. मागचं ओझंही ठरलेलं हवं. आम्ही एकाच लग्नाची एकच क्लिप घेतली आणि दर वेळी तीच एक्सपोर्टला लावली. ब्राउझर बंद, अपडेट बंद. दर फेरीआधी दहा मिनिटं मशिन चालू ठेवायचं, म्हणजे ते सारखंच तापलेलं असेल. पहिली फेरी थंड मशिनवर आणि दुसरी तापलेल्यावर केली तर दुसरा शेड्युलर हकनाक नापास होतो. शक्यतो सगळं एकाच बैठकीत करा. आमच्याकडे तर मध्येच लाइट गेली, वहीचं पहिलं पान फाडून पुन्हा सुरुवात केली.

एका शेड्युलरच्या किमान तीन फेऱ्या. तीन फेऱ्यांतच आपसात जितका फरक पडतो, तितकाच फरक दोन शेड्युलरमध्ये दिसत असेल तर तो फरक मोजू नका.

वहीत तीन रकाने पुरतात. सरासरी, एक टक्का लो, आणि सगळ्यात लांब फ्रेम. एक टक्का लो म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस. सरासरी आणि हा आकडा जितके जवळ, तितका गेम गुळगुळीत. आणि चौथा रकाना हवा असेल तर स्वतःच्या हाताला काय वाटलं ते एका शब्दात लिहा, पण कोणता शेड्युलर लावलाय हे न सांगता दुसऱ्याने बदलून द्यावं. भावाने एकदा 'आता मस्त चालायलंय' म्हटलं, आणि मी काहीच बदललेलं नव्हतं.

चौथी पायरी: शेड्युलर न बदलता

हे आधी करून बघा, कारण बऱ्याचदा इथेच काम होतं. एक्सपोर्टला सगळे कोअर देऊ नका, बस्स. भावाकडे रायझन 5 5600 हा प्रोसेसर आहे, 6 कोअरचा. 'टास्कसेट' ही आज्ञा एखाद्या प्रोग्रामला ठरावीक कोअरवरच बांधून ठेवते. आम्ही एक्सपोर्टला चार कोअर दिले, दोन गेमसाठी मोकळे सोडले. यात एक खाचखळगा आहे. मशिन 12 प्रोसेसर दाखवतं, पण त्यांतले दोन-दोन एकाच खऱ्या कोअरचे भाऊ असतात. 0 आणि 1 शेजारी दिसले तरी ते एकाच कोअरचे असतील असं नाही. 'एलएससीपीयू'ला डॅश 'ई' लावून चालवा, 'कोअर' रकान्यात कोण कुणाचा भाऊ ते दिसेल. मोकळे सोडायचे ते पूर्ण कोअर, दोन्ही भावांसकट. नाहीतर एकाच कामगाराला दोन माग एकदम ओढणार.

आलेखातले उंच काटे इथेच बहुतेक गेले. हळदीचा व्हिडिओ अर्थातच उशिरा तयार झाला, पण हळद होऊन आठवडा उलटला होता.

'नाइस'चं काय, असं कुणी विचारेल. नाइस म्हणजे उणे 20 ते 19 अशी प्राधान्याची पट्टी, 19 म्हणजे सगळ्यात भिडस्त, सगळ्यांना पुढे जाऊ देणारा. कागदावर उत्तर सोपं आहे, एक्सपोर्टला 19 द्या. प्रत्यक्षात आजच्या डेस्कटॉपवर प्रोग्राम गटागटांत बांधलेले असतात आणि शेड्युलर आधी गटांमध्ये वाटणी करतो. मग तुमचा 19 फक्त आपल्याच गटातल्या भावंडांपुरता भिडस्त राहतो, शेजारच्या गटातल्या गेमला त्याचा लाभ होईलच असं नाही. 'नाइस दिला पण काही फरक नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. करून बघायला खर्च नाही, पण भरवसा टास्कसेटवर ठेवा.

गेममोड नावाचं साधन फेरल इंटरॅक्टिव्हने काढलंय. गेम चालू असेपर्यंत गव्हर्नर वगैरे बदलतं, बंद झाला की परत ठेवतं. निरुपद्रवी आहे, लावून ठेवा. पण मोजताना सगळ्या फेऱ्यांत तरी असू दे किंवा एकाही फेरीत नको.

पाचवी पायरी: आता शेड्युलर बदलू

पूर्वी शेड्युलर बदलायचा म्हणजे कर्नल नव्याने बांधायचा, रात्र जायची. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 पासून कर्नलमध्ये शेड-एक्स्ट आहे. त्यामुळे शेड्युलर हा बाहेरून लावायचा प्रोग्राम झाला. चालू मशिनवर लावा, चालू मशिनवर काढा, रीस्टार्ट नको. नवख्यासाठी याहून चांगली शाळा नाही. शिवाय सुरक्षा दोरीही बांधलेली आहे. लावलेला शेड्युलर बिघडला आणि एखाद्या थ्रेडला फार वेळ पाळीच मिळाली नाही, तर कर्नल त्याला हाकलतो आणि मूळ ईईव्हीडीएफवर परत येतो. ही मर्यादा कमाल 30 सेकंदांची.

तुमच्या कर्नलमध्ये ही सोय आहे का ते बघायला 'सिस', त्यात 'कर्नल', त्यात 'शेड_एक्स्ट' असं फोल्डर आहे का ते तपासा. आतल्या 'स्टेट' फाइलमध्ये आत्ता 'डिसेबल्ड' दिसेल. मग वितरणाच्या भांडारातून एससीएक्सचं, म्हणजे शेड-एक्स्टवर चालणाऱ्या शेड्युलरचं पॅकेज बसवा. कॅशीओएस हे वितरण वापरत असाल तर त्यांच्याकडे यादीतून निवडायची सोयही आहे, टर्मिनल लागत नाही.

पॅकेजमध्ये बरेच शेड्युलर येतात. सगळे बघायची गरज नाही. गेमसाठी दोन पुरे.

एससीएक्स_लॅव्हड हा इगालिया कंपनीतल्या चांगवू मिन यांनी स्टीम डेकसारख्या हातात धरायच्या गेमयंत्रांचा विचार करून लिहिला. त्याची कल्पना मला सगळ्यात आवडते, आणि ती कळायला पुन्हा खाली जावं लागेल. कारखान्यात कांड्या भरणारा एक जण असतो. त्याचं काम छोटं, पण त्याच्याजवळच्या कांड्या संपल्या तर चारही माग थांबतात. म्हणजे महत्त्व कामाच्या लांबीवर नाही, आपल्यासाठी किती जण खोळंबतात त्यावर ठरतं. गेममध्येही एक थ्रेड दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि साखळी पूर्ण झाली तर फ्रेम येते. कोण किती वेळा दुसऱ्यांना उठवतो आणि कोण किती वेळा दुसऱ्याची वाट बघतो, हे लॅव्हड मोजत राहतो, आणि साखळीच्या मधल्या कड्यांना आधी पुढे घेतो. हळद भरणारा थ्रेड कुणालाच उठवत नाही, तो मागे राहतो. कुणाला काही सांगावं लागत नाही, हा गेम आहे की एक्सपोर्ट हे त्याला माहीतही नसतं.

दुसरा एससीएक्स_बीपीएफलँड, आंद्रेया रिघी यांचा. याचा हिशेब सोपा. जो मिळालेला वेळ पूर्ण न खाता स्वतःहून पुन्हापुन्हा कोअर सोडतो तो तातडीचा, त्याला आधी. साधा आहे म्हणून वाईट नाही. काही गेमांत तोच बरा निघतो.

चालवायची रीत एकच. एका टर्मिनलात 'सुडो' लावून शेड्युलरचं नाव, एंटर. टर्मिनल उघडं राहू दे. 'स्टेट' फाइल आता 'एनेबल्ड' म्हणेल, ते बघूनच पुढे जा. आम्ही एकदा पूर्ण फेरी शेड्युलर न लागताच केली होती, टाइप करताना एक अक्षर चुकलं होतं. मग चाचणीच्या तीन फेऱ्या. झालं की त्या टर्मिनलात कंट्रोल आणि सी, तुम्ही पुन्हा ईईव्हीडीएफवर. पुढचा लावा. पॅकेजची आवृत्ती वहीत लिहून ठेवा, हे शेड्युलर झपाट्याने बदलत असतात.

ज्या फेऱ्या मोजायच्या त्यांत टास्कसेट काढून टाका. शेड्युलरची कसोटी गर्दीतच लागते, दोन कोअर मोकळे सोडून ठेवले तर तिघेही पहिल्या नंबराने पास. आणि गर्दी नसतानाही एक-एक फेरी करा. काही शेड्युलर गर्दीत सुंदर वागतात, पण रिकाम्या मशिनवर सरासरी थोडी कमी देतात. दोन्ही कळायला हवं.

बोर हवाय त्यांच्यासाठी

बोर हा शेड्युलर शेड-एक्स्टमधला नाही, तो ईईव्हीडीएफवरच चढवलेला पॅच आहे, मासाहितो सुझुकी यांचा. कोअर न सोडता सलग किती वेळ खाल्ला, हे तो प्रत्येक थ्रेडच्या नावावर लिहून ठेवतो आणि खादाडाला मागे ढकलतो. सारखा तुटणाऱ्या ताण्याच्या मागाकडे दिवसभर उभं न राहणारा कामगार, तो हा. यासाठी पॅच केलेला कर्नल लागतो. कॅशीओएसच्या भांडारात असा कर्नल तयार मिळतो. चांगली गोष्ट ही की 'कर्नल.शेड_बोर' हा आकडा 'सिससीटीएल' या आज्ञेने 0 किंवा 1 करता येतो, त्यामुळे एकाच कर्नलवर बोरसकट आणि बोरशिवाय अशी तुलना होते. दोन वेगळे कर्नल तुलनेला घेतले तर फरक बोरचा की बाकी पन्नास गोष्टींचा, हे कळत नाही. केवळ बोरसाठी आपलं चालतं वितरण बदलू नका, असं माझं मत. आधी वरचे दोन बघा.

विंडोजवाल्यांनी काय करायचं?

फार काही नाही, कारण तिथे शेड्युलर बदलता येत नाही. विंडोजमध्ये 0 ते 31 अशा प्राधान्याच्या पायऱ्या आहेत, आणि समोर असलेल्या खिडकीला ते झुकतं माप देतं. गेम मोड चालू ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये एक्सपोर्टचं प्राधान्य 'बिलो नॉर्मल' करा, गेमचं वाढवत बसू नका. 'रिअलटाइम' तर अजिबात नको, माउस आणि आवाजाची कामंही मागे पडून मशिन गोठू शकतं. टास्कसेटचं काम इथे 'सेट अॅफिनिटी' करतं. इंटेलच्या 12 व्या पिढीपासूनच्या मोठे-छोटे कोअर असलेल्या प्रोसेसरवर विंडोज 11 ठेवा, कोणतं काम कुठल्या कोअरवर हे ओळखायला इंटेलचा थ्रेड डायरेक्टर त्याला मदत करतो. मोजायला कॅपफ्रेमएक्स आहे.

आणि लिनक्सवर यायच्या आधी आपला गेम तिथे चालतो का ते बघा. व्हॅलोरंट चालत नाही, त्याचं चीट-विरोधी साधन लिनक्सला घेतच नाही. तिथे कुठलाच शेड्युलर कामाचा नाही.

यांच्या वाट्याला जाऊ नका

गेमला रिअलटाइम वर्गात टाकायचा सल्ला लिनक्सवरही मिळतो. गेममधला एखादा थ्रेड फिरत राहिला तर बाकी सगळं उपाशी. नको. प्रोसेसरच्या सुरक्षेचे बंदोबस्त बंद करून दोन फ्रेम कमवायचा सल्लाही मिळतो. ज्या मशिनवर तुम्ही बँकेचं खातं उघडता त्याच्यावर हे करू नका. आणि दहा-बारा सेटिंगची यादी कुणी दिली तर ती एकदम टाकू नका, एकेक टाका आणि मोजा. ज्या रात्री भावाचं मशिन बिघडलं ती अशाच यादीची रात्र होती.

आमचं काय ठरलं

त्याच्या मशिनवर गर्दीत लॅव्हड आणि बीपीएफलँड दोघांनीही ईईव्हीडीएफपेक्षा काटे कमी केले. लॅव्हडचे थोडे जास्त कमी, पण आमच्या तीन फेऱ्यांच्या आपसातल्या फरकाच्या जेमतेम बाहेर. रिकाम्या मशिनवर तिघांत डोळ्याला फरक दिसला नाही. मग त्याने रोजच्यासाठी मूळचाच ठेवला. लग्नसराईत, जेव्हा एक्सपोर्ट दिवसभर चालू असतो आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं म्हणून टास्कसेटने त्याचा वेग मारता येत नाही, तेव्हा तो लॅव्हड लावतो. तुमच्या प्रोसेसरवर, तुमच्या गेममध्ये निकाल उलटा येऊ शकतो, म्हणून आमचा निकाल उचलू नका, वही उचला.

ती वही मॉनिटरखाली असते. पहिल्या पानावर कर्नलचा आकडा, पॅकेजची आवृत्ती, खोलीचं तापमान आणि एका बाजूला त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, 'जाळी साफ केली का?' कर्नल अपडेट झाला की नवं पान. परवा बघितलं तर पाचवं पान चालू होतं आणि जाळीसमोर बरोबरची खूण नव्हती.